नवमीचा सूर्योदय

हे सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. तुम्हीही काढा. पण एकदा मी सूर्याला चार मिनिटं उगवू दिलं नव्हतं.

तेव्हा मी पंचांगाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. ताईने महिनाभर अंथरूण धरलेलं. आईमागे मला तिनेच वाढवलं, तिच्याशिवाय मला होतं कोण? डॉक्टरांनी हात टेकले. पंचांगाचं गणित करणारे मास्तर तिची पत्रिका बघून पुटपुटले, "नवमीचा दिवस काही ती ओलांडत नाही." नवमी गुरुवारी.

मी त्यांचे पाय धरले. "मास्तर, नवमीच काढून टाका ना!"

"गाढवा, तिथी म्हणजे काय दाढी आहे, भादरून टाकायला? चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. सूर्य उगवताना जी चालू असेल, तिचं नाव त्या दिवसाला. दोन सूर्योदयांच्या मधेच जी येऊन संपते, तिला दिवसच मिळत नाही. तिचा क्षय."

"मग या नवमीचा का नाही?"

"थोडक्यात हुकला. बुधवारी सूर्य उगवल्यावर लागते आणि गुरुवारी उगवल्यावर तीन मिनिटांनी संपते."

तीन मिनिटं! एवढ्यासाठी माझी ताई जाणार?

गुरुवारी उजाडायच्या आत छापखान्याच्या गच्चीवर चढलो. पाण्याच्या टाकीमागून सूर्याचं टाळकं दिसलं, तसे दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि दाबला खाली. तोही हट्टी. चर्र झालं, कातडी सोलली. मी रडत होतो, शिव्या घालत होतो, मधेच हातापाया पडत होतो, "थांब रे बाबा, जरासा थांब." घड्याळात चार मिनिटं भरली तेव्हा सोडला. उगवला तो थेट दशमीत! धावत घरी आलो, तर ताई उशीला टेकून बसलेली. म्हणते कशी, "कुठे उंडारत होतास रे? चहा टाक."

"मामा, पुरे," शेजारी बसून ऐकणारी ताईची लेक म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी घराबाहेर पडलाच नव्हता. सूर्य अगदी वेळेवर उगवला. खिडकीतून ऊन आलं तेव्हा आईचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. ती गेली होती, आणि तुम्ही माझ्यावर ओरडत होता, पडदा ओढ म्हणून."