ताटात लिहायचं नाव

दुपारचं ऊन फळ्यावर येऊन बसलं की दुसरीच्या वर्गात शिकवता शिकवता सिद्धेश्वरी बाईंना अक्षरं माणसांसारखी दिसायला लागत. इंग्रजीतली लहान अक्षरं म्हणजे मंगळवार बाजारातली गर्दी, खांद्याला खांदा लावून चाललेली. मध्येच एखादं मोठं अक्षर ताठ मानेनं उभं. चार रेघांच्या वहीत ते थेट वरच्या रेघेला डोकं लावतं. शाळा सोलापुरातली, पत्र्याची, चार खोल्यांची. बाई मात्र शिकवता शिकवता कुठल्या गावी पोचत, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"वाक्य सुरू झालं की पहिलं अक्षर मोठं," त्या पोरांना सांगत. "वाराचं मोठं, महिन्याचं मोठं. गावाचं तर मोठंच, मग सोलापूर असो की मोहोळ. आणि माणसाचं नाव वाक्यात कुठंही येऊ दे, अगदी शेवटी कोपऱ्यात, तिथंही मोठं."

मग यायचा 'मी'. इंग्रजीतला 'मी' एकाच अक्षराचा, पण कायम मोठा. 'तू' लहान, 'ती' लहान, 'मी' तेवढा मोठा. हे शिकवताना सिद्धेश्वरीला दर वर्षी लाज वाटे, कारण असा ठसठशीत 'मी' तिनं घरी कधी उच्चारला नव्हता.

आता उच्चारायची वेळ आली होती, तर ही मूग गिळून बसलेली. पुढच्या आठवड्यात बार्शीच्या नंदीशशी लग्न होतं. मुलगा भला होता, तिला आवडलाही होता. पण त्या घरची रीत होती: सुनेनं उंबरा ओलांडला की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहायचं. जुनं नाव तिथं संपलं. नवं नाव ठरलंही होतं, नम्रता. सिद्धेश्वरीला तिचं नाव सोडायचं नव्हतं. एकदा भीत भीत वडिलांना बोलली, तर ते म्हणाले, "रीत हाय ती. समद्या पोरींची बदलत्यात की." आणि त्यांनी पेपर उघडला. ही चहा टाकायला आत गेली. माणसानं लाजाळू असावं, पण स्वतःचं नाव जाईपर्यंत?

शाळा सुटल्यावर वह्या तपासता तपासता तिचा डोळा लागला. स्वप्नात सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्या उतरून अक्षरं पाण्यात चालली होती. एकेक मोठं अक्षर काठावर फेटा काढून ठेवायचं आणि लहान होऊन पाण्यात शिरायचं. कुणी रडत नव्हतं, उलट सगळं फार शांत आणि सुंदर होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"पोरी, झोपलीस व्हय?"

समोर रत्नम्मा उभी होती, नंदीशची आई. ब्लाऊजचं माप न्यायला बार्शीहून आलेली. पोरांच्या बाकावर ती कशीबशी मावली आणि फळ्याकडे बघत राहिली.

"ही अक्षरं मधीच मोठी का गं?"

"नावं आहेत ती, आत्या. नावाचं पहिलं अक्षर कायम मोठं."

"आन् नाव बदललं तर?"

"नवंही मोठंच."

"मग जुन्याचं काय करत्यात?"

असा नियम सिद्धेश्वरीनं कुठं वाचला नव्हता. तिनं दिलेला मापाचा ब्लाऊज पिशवीत घालून रत्नम्मा निघून गेली.

लग्न झालं. बार्शीच्या घरात सगळं धुपाच्या धुरात तरंगल्यासारखं वाटत होतं. बायकांचे चेहरे, समया, तांदळाचं पांढरं ताट. नंदीशनं अंगठी टेकवली. त्याचा हात हलायच्या आत सिद्धेश्वरीला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मी सिद्धेश्वरीच राहणार."

आवाज लहान होता, पण घरभर गेला. नंदीशनं अंगठी तिथंच धरली. त्याचे काका बसलिंगप्पा, घरातले वडीलधारे, घसा खाकरून म्हणाले, "आसं न्हाय चालत, पोरी. रत्नम्मा, सांग की तिला. तू आलीस तवा काही बोललीस का?"

"न्हाय बोलले," रत्नम्मा म्हणाली. "माझं नाव काय होतं, भावजी?"

बसलिंगप्पांनी इकडं तिकडं पाहिलं. नंदीशनं आईकडं पाहिलं. त्यालाही ते माहीत नव्हतं. एवढ्या भरल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"शिवलीला," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी ते तोंडात आलं होतं. "लई आवडायचं मला. नंदीश, तिचंच लिही."

नंदीश लिहायला लागला. नाव लांबलचक, अर्ध्यातच ताट संपलं. तेव्हा रत्नम्मा उठली, आत गेली आणि परात घेऊन आली.