गुडघ्यांची खोड

फरशी मिस्त्रीचे गुडघे कामातून गेले होते, आणि तो सोडून सगळं घर हे मान्य करत होतं. सकाळी पलंगाचा काठ धरून तो उठायचा, कण्हणं ओठातच गिळायचा. बायकोनं पाहिलंच तर म्हणायचा, "चप्पल शोधतोय."

"डॉक्टर काय म्हणाले?" तिनं एकदा खनपटीलाच बसून विचारलं.

"जमिनीवर बसू नका म्हणाले. आता फरशी काय छताला लावू?"

तो आणि त्याचा साडू जोडीनं कामं घेत. हा जमिनीच्या फरश्या बसवी, साडू भिंतीच्या टाइल्स. त्या दिवशी एका नव्या घराच्या बाथरूममध्ये तो मागे सरकत सरकत दारापर्यंत आला, शेवटची फरशी रबरी हातोडीनं ठोकली आणि उठायला गेला, तर गुडघे सरळच होईनात. जोर लावताना तोल गेला आणि दोन्ही हात टेकले ते नेमके ताज्या फरश्यांवर. तीन-चार फरश्या खचल्या. पाण्याचा ढाळ बिघडला.

"माल कुणी पातळ केलाय हा?" तो ओरडला. सिमेंटचा माल त्यानंच कालवला होता.

साडू स्वयंपाकघरातून धावत आला. बगलेत हात घालून त्यानं याला उभं केलं, पण उचलताना त्याचाच चेहरा पिळवटला.

"गुडघे ना?"

"पायाला मुंग्या आल्या."

"वर्षभर मुंग्याच येतायत तुझ्या पायाला! मेव्हणी रोज फोनवर रडते आमच्या हिच्याकडे."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"विचारलं की अंगावर येतोस. आणि मी कुठल्या तोंडानं बोलू? माझा खांदा वर जात नाही. भांगसुद्धा डाव्या हातानं पाडतो. तुला कळलं तर दुसरा जोडीदार बघशील, म्हणून गप्प बसलो."

मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. एवढे दोन बाप्ये, आणि इतके दिवस एकमेकांना फसवत होते!

"अकलेचे कांदे आहोत आपण."

"ते नंतर ठरवू. माल धरायच्या आत या फरश्या काढायला हव्यात. मी बसतो खाली. तू छातीएवढ्या उंचीच्या ओळी घे."

मिस्त्री स्वयंपाकघरातल्या भिंतीपाशी गेला. उभ्यानं काम करताना गुडघे ठणकत होते, निदान बोंब मारत नव्हते. पण जीव सगळा बाथरूममध्ये.

"ढाळ जाळीकडे ठेव!"

"तू तुझी भिंत बघ!"

संध्याकाळपर्यंत दोघांनी एकमेकांच्या कामात इतक्या चुका काढल्या, की शेवटी बोलणंच बंद झालं. निघताना मात्र उद्यापासून कामाची अदलाबदल करायची, एवढं ठरलं. स्टुलावर चढून भिंतीच्या सगळ्यात वरच्या ओळी कुणी लावायच्या, ते कोडं काही सुटलं नाही.

घरी बायकोनं सवयीनं विचारलं, "आज कसं आहे?"

"दुखतंय," तो म्हणाला.

ती दचकली आणि लगबगीनं गरम पाण्याची पिशवी घेऊन आली.

"लगेच शेक काय आणतेस? आधी ऐकून तरी घे!"

पिशवी बाजूला ठेवून ती समोर बसली. गुडघ्याच्या वाटीखाली कशी कळ येते, जिना उतरताना काय होतं, सगळं तो सांगत सुटला, इतक्या रागारागानं, की जणू गुडघे तिनंच बिघडवले होते.