सोपानच्या वावरातली एक ओळ

बुधवारी दुपारी साडेतीन वाजता कडेगावच्या शाहजादी मुजावर यांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

दिवाळीपासून तो तालुक्यातल्या बऱ्याच मोबाइलमध्ये फिरत होता. उसातून एक मुलगी पाठमोरी चालत जाते आणि दिसेनाशी होते, एवढंच त्यात होतं. शेवटपर्यंत बघणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं, अशी बोलवा होती. त्यामुळे लोक तो अर्ध्यातच बंद करून पुढे पाठवत.

शेजारच्या सोपानने अडवून पाहिलं. "आवं भाबी, नका बघू."

"माझ्या घरातलं माणूस गेलंच हाय की. आता आणि काय न्हेणार?"

त्यांची मुलगी नूरीन जूनमध्ये दळण आणायला गेली, ती परतली नव्हती. व्हिडिओतली पोपटी ओढणी तिची होती. वाकलेल्या विजेच्या खांबावरून सोपानने वावरही ओळखलं. ते त्याचंच होतं. त्याच संध्याकाळी पोलीस आले, उसात फिरले, हात हलवत गेले.

गुरुवारी शाहजादींनी तोच व्हिडिओ पुन्हा लावला.

"माझा ऊस ह्यात बी तुऱ्यावर आला की," सोपान हसत म्हणाला आणि मग फोनवर वाकला. काल त्यात ऊस कमरेएवढा होता.

शनिवारी तोडणीची टोळी आली.

"एक ओळ ठेव, सोपान. समदं तोडलंस तर पोरगी कुठनं भाईर यील?"

"लोक मला येडा म्हणतील, भाबी."

"आजपतूर श्याना म्हणत हुते व्हय?"

सोपानने खांबाजवळची ओळ ठेवली. बाकीच्या उसात काही सापडलं नाही. संध्याकाळी व्हिडिओतही वावर मोकळं झालं होतं. एकच ओळ उभी होती आणि तिच्याजवळ पोपटी ओढणीतली मुलगी, पाठमोरी.

रविवारी तिथे दोघी दिसल्या. दुसरी वयाने मोठी, डोक्यावर पदर घेतलेली.

"ही कोण?" सोपानने विचारलं.

शाहजादींनी डोक्यावरचा पदर चाचपला आणि फोन पालथा ठेवला.

सोमवारी सकाळी त्यांच्या दाराला बाहेरून कडी होती. सोपानने फोन लावला. रिंग वावरातून, त्या ओळीतून ऐकू आली. ओळ एकेरी आहे, आरपार दिसतं. तिथे कुणी नव्हतं, फोनही नव्हता.

मंगळवारी दुपारी टोळीचा मुकादम ती ओळ तोडायला कोयता घेऊन आला. सोपानने त्याला बांधावरूनच परत पाठवलं. फोन अजून लागतो.