धायाच्या पायथ्याचे मावळे

तुम्ही माझ्या पोरीचा किल्ला टेबलाखाली सरकवलात. पायाने. हाताने सरकवला असतात तर मी कदाचित गप्प बसले असते. तेही नक्की नाही. पण तुम्ही बुटाच्या टोकाने ते प्लायवूड ढकललंत आणि वर हसून म्हणालात, "वहिनी, जरा अंडरस्टँड करा. हा आपला किल्ला नाही."

इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तुम्ही, परीक्षकही तुम्हीच. मग भांडायचं कोणाशी?

नियम तुमचाच होता: दिवाळीच्या स्पर्धेत मुलांनी आपला एक किल्ला स्वतःच्या हाताने करायचा. माझी आभा शारजात जन्मलेली. महाराष्ट्रातले किल्ले तिने फोनवर पाहिलेत. मी म्हटलं, कुठलाही कर. ती म्हणाली, "आई, आय विल मेक द वन आय क्लाइम्ब्ड."

चढलेला किल्ला म्हणजे धाया. रास अल खैमाच्या पुढे, टेकडीवर मातीचे दोन बुरूज. तिचा बाबा, राजाभाऊ, इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये आठवडाभर गाड्यांखाली असतो, सुट्टीला झोपतो. झोपू दे. गाडी मला येते. गेल्या हिवाळ्यात मी पोरीला घेऊन हा देश पालथा घातला. अल ऐनला हिलीची हजारो वर्षांची दगडी थडगी बघितली, जझिरा अल हमराच्या ओसाड गावात समुद्रातल्या दगडांच्या भिंतींना हात लावून बघितला. शेजारीण म्हणायची, "अगं अनुराधा, मॉल दिसत नाही का तुला?" दिसतो. रोज दिसतो.

धायाच्या पायथ्याशी खजुराच्या बागा आहेत. त्यातली एक फहद काकांची, रिटायर्ड मास्तर. आम्ही उतरून त्यांच्या भिंतीच्या सावलीत डबा उघडला, तर ते हिंदीत विचारतात, "किधर से?"

"मुंबई," मी म्हटलं. परदेशात कोकणातला माणूस मुंबईचाच असतो.

म्हातारा असा हसला की डोक्यावरचा गुतरा, तो अरबी रुमाल, घसरला. "मुंबईवाला पहले भी आया इधर! पहले तोप लाया, अभी टिफिन लाया!"

मग थालीपीठ खात त्यांनी सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांचं आरमार मुंबईहून आलं. इथली माणसं बायकापोरांसकट या टेकडीवर चढली. वर ना पाणी, ना सावली, तरी लढली. शेवटी इंग्रजांनी चिखलातून मोठ्या तोफा ओढत आणून बुरूज फोडले, तेव्हा खाली उतरली. आणि त्या फौजेत गोऱ्यांच्या बरोबरीने मुंबईच्या पलटणीतले देशी शिपाई होते.

आभाने घास हातात धरून विचारलं, "आई, लाइक, अवर पीपल?"

मी म्हटलं, "असतील."

"बट दे वेअर ऑन द राँग साइड!"

 फहद काकांनीच तिच्या हातावर खजूर ठेवला. "हबीबी, नोकरी था," म्हणाले.

पोरीला मातीत रमलेली बघून निघताना त्यांनी बागेतली माती पोतं भरून डिकीत टाकून दिली. त्याच मातीचा हा किल्ला. तुमच्या हॉलमध्ये बाकी सगळे थर्मोकोलचे होते, बापांनी केलेले, आणि पोरं बाजूला उभी राहून आइस्क्रीम खात होती. माझ्या पोरीच्या नखांत माती होती.

तुम्ही खाली वाकून पाहिलंत आणि माणसं गोळा व्हावीत म्हणून मोठ्याने म्हणालात, "हे बघा, मावळे सगळे खाली! गडावर एक नाही. हिला मावळे कुठे ठेवायचे तेसुद्धा शिकवलं नाही वहिनींनी."

लोक हसले. आभा माझ्याकडे बघत होती.  मला वाटलं, संपलं. आता ही रडणार, आणि पुन्हा आयुष्यात मातीला हात लावणार नाही.

मी तुमच्यावर ओरडणारच होते. तेवढ्यात ती टेबलाखाली शिरली.

तिने प्लायवूड दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढलं. आणि मराठीत बोलली. माझ्याशी कधी धड मराठीत न बोलणारी पोरगी, सगळ्या हॉलसमोर बोलली. "मी चुकून नाय ठेवले. ते खालीच होते. ते बॉम्बेवरून आले आणि तोफ ओढत होते. वर दुसऱ्यांच्या आई होत्या."



मंडळातल्या सोनमचे सासरे बाबाजी, महाडहून व्हिजिटवर आलेले, गुडघे धरत जमिनीवर बसले. मातीचा एक मावळा त्यांनी बोटाने चाचपला. आभाने त्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतवले होते.

"अहो साहेब," बाबाजी तुम्हाला म्हणाले, "आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. पगार इंग्रजाचा, खांदा आमचा. कुठल्या कुठल्या मुलखात तोफा ओढल्या, कोणी विचारलं नाही. या पोरीनं विचारलं. आणि तुम्ही लाथ मारता?"

"बाबाजी, थीमचा इश्यू आहे..."

"थीम गेली खड्ड्यात. उचल गं पोरी."

एक टोक त्यांनी उचललं, एक मी. मधे आभा. तुमच्या ट्रॉफ्या बाजूला सारून किल्ला टेबलाच्या मधोमध ठेवला. आइस्क्रीमवाली पोरं धावत आली. "आय हॅव बीन देअर!" "माय डॅड गॉट टायर्ड हाफवे!" थर्मोकोलच्या गडांपाशी नुसते बाप उरले.

बक्षीस तुम्ही दिलं नाहीत. नका देऊ. पुढच्या रविवारी धायाच्या पायथ्याशी आमच्या गाड्यांची रांग लागली होती. राजाभाऊसुद्धा झोप मोडून आला. फहद काका बागेच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे. "या अल्ला! इस बार पूरा पलटन लाया!"

बाबाजी धापा टाकत, शिव्या देत, पण वर पोचले. आभाने खिशातून तोच मावळा काढला आणि बुरुजाच्या भिंतीवर ठेवला. इकडे डोंगर, तिकडे खजुरांपलीकडे समुद्र. "नाऊ ही कॅन सी," ती म्हणाली. मग सगळी पोरं इतक्या जोरात ओरडली की खाली फहद काकांच्या बकऱ्या पळाल्या.

तुमची गाडी तेवढी नव्हती. म्हणून इथे, मंडळाच्या ग्रुपवर, विचारते. पुढच्या दिवाळीच्या नियमात 'आपला' हा शब्द छापण्याआधी त्याचा अर्थ सांगा. हा किल्ला आपला नव्हता तो कोणाच्या बाजूने? वर जे तहानेने लढले त्यांच्या, की खाली जे चिखलात तोफ ओढत होते त्यांच्या?

माझ्या पोरीने दोघांनाही जागा दिली. तुम्ही कोणाला देणार?

बोला.