कडी आतून लागली

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. राजापूरजवळच्या एका गावात लोहाराने मला भट्टीत लाल करून, ठोकून घडवलं आणि कमलाबाईंच्या सासरी खोलीच्या दाराला बाहेरून बसवलं.

या घराची एक रीत होती. मुंबईचा चाकरमानी शिमग्याला आला की जेवणानंतर नवराबायकोला खोलीत पाठवायचं आणि पोरंबाळं मध्ये कडमडू नयेत म्हणून सासूने मला बाहेरून लावायचं. त्यात मायाच होती हो. "कडी कशी घट्ट बसते," असं माझं कौतुक व्हायचं. कमलाबाई नवी नवरी होत्या तेव्हाही मला असंच लावलं गेलं. आतून कधी हाक आली नाही, म्हणून मला वाटे, आत सगळं खुशीतच आहे.

गेल्या शिमग्याला त्यांचा मुलगा संदेश आला. त्याची बायको ज्ञानेश्वरी गावातच अंगणवाडीत शिकवते. सकाळपासून ती आनंदात होती, केसांत अबोली माळली होती. दुपारी दोघं हसत आत गेली. कमलाबाईंनी मला लावलं आणि ओसरीवर काजू सोलत बसल्या.

थोड्या वेळाने आतून ज्ञानेश्वरी म्हणाली, "नको. हात सोडा."

"मघाशी हो म्हणालीस की," संदेश म्हणाला.

"म्हणाले. आता नको म्हणते. दोन्ही बोलणी माझीच."

"नवरा आहे मी तुझा."

"म्हणून जबरदस्ती चालते? घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात नवऱ्याची जबरदस्तीही येते. अंगणवाडीच्या बैठकीत सांगितलंय आम्हाला. कोर्टात दाद मागता येते." तिने दार वाजवलं. "आई, कडी काढा."

"आई, कडी राहू दे," संदेश म्हणाला.

मित्रांनो, मी गार पडले. इतक्या वर्षांत आतून 'काढा' असं कुणी म्हटलंच नव्हतं. कमलाबाई दाराशी येऊन थबकल्या. लेकाचं ऐकावं की सुनेचं? मग त्यांनी मला काढलं.

"ये गो बाय बाहेर," त्या म्हणाल्या. "संदेश, तिला नको तर नको. मलाही नको व्हायचं रे कधी कधी. हाक मारता येते, हेच ठाऊक नव्हतं."

संदेश मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानेच पक्कड आणून मला उपटलं आणि ज्ञानेश्वरीला विचारलं, "कुठे लावू?"

"आतून. माझ्या हाताला येईल अशी."

आता मी आत असते. ती मला लावते, तीच काढते. कधी लावल्यावरही उठून काढते, आणि संदेश थांबतो. एवढ्याशा 'नको'त केवढं बळ, याचं मला अजून नवल वाटतं. मित्रांनो, मला तेल घाला, नका घालू. पण आतून कुणी 'काढा' म्हटलं, तर कारण न विचारता काढा.