चौथा बुरुज

माझ्या मामाला प्रसिद्ध किल्ले चालत नाहीत. तिकीट दिसलं की तो परत फिरतो आणि माहितीची पाटी दिसली की त्याचं तोंड उतरतं. ज्या किल्ल्याचं नाव सांगितल्यावर कंडक्टरच आपल्याला रस्ता विचारतो, तो मामाच्या लेखी खरा किल्ला. असे बावीस किल्ले त्याने मला भाचा या नात्याने, म्हणजे पाण्याच्या बाटल्या उचलायला, दाखवले आहेत.

तेविसाव्याच्या वाटेवर मात्र तो गप्प होता. मामा गप्प म्हणजे एकतर दाढ दुखतेय, नाहीतर चूक त्याची आहे. दुसरा प्रकार आमच्या घरात आजवर कोणी पाहिलेला नव्हता.

"दाढ का?" मी विचारलं.

"तीस वर्षांपूर्वी या किल्ल्याचा नकाशा मी काढलाय," तो म्हणाला. मामाची सगळी नोकरी नकाशांच्या कचेरीत गेली. "तीन बुरुज. कागद उडू नये म्हणून त्यावर कप ठेवला. चहाचा."

"मग?"

"मग काय, डोंबल! गोल डाग पडला. नक्कल करणाऱ्याला तो बुरुज वाटला, त्याने पक्क्या शाईत घेतला. छापून आल्यावर माझ्या लक्षात आलं."

"आणि तू बोलला नाहीस?"

"आधी बढती व्हायची होती. मग लाज वाटली. मग सवय झाली."

निवृत्त झाल्यावर ही सवय त्याला टोचायला लागली. त्याने खात्याच्या नावे अर्ज लिहिला होता : किल्ल्याला बुरुज तीनच असून चौथा हा माझा चहा आहे, तरी नकाशा दुरुस्त व्हावा. अर्ज खिशात होता. टाकण्याआधी एकदा डोळ्यांनी खात्री करायची, मग सुखाने झोपायचं, असा बेत.

वर पोचलो. मामाने बोट दाखवत मोजलं. एक, दोन, तीन. मग तो मटकन दगडावर बसला.

चौथा बुरुज समोर उभा होता. बाकी तिघांच्या दुप्पट घेराचा, कारण कप मोठा होता.

"माझ्या बाबांनी बांधलाय," मागून आवाज आला. किल्ल्याची राखण करणाऱ्या बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या होत्या. "त्यांच्या वेळी एक साहेब तपासणीला आले, हातात नकाशा. म्हणाले, चौथा बुरुज कुठेय? पुढच्या वर्षी दिसला पाहिजे. बाबा आज्ञाधारक. ढासळलेल्या तटाचे दगड उचलले नि लागले कामाला. अकरा वर्षं लागली."

"आणि ती फट?" मामाने विचारलं. बुरुजाच्या एका बाजूला हातभर फट होती.

"नकाशात गोल तिथे तुटलेला आहे. बाबांनी आधी पूर्ण बांधला, मग तेवढाच तोडला."

माझ्या अंदाजाने कपाच्या बुडाचा टवका उडालेला असणार. मामा बुरुजाजवळ गेला, दगडांवरून हात फिरवला, आणि शेवटी म्हणाला, "बाई, तो नकाशा माझा. आणि हा बुरुज म्हणजे..."

"चहा. ठाऊक आहे."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी नाही सांगितलं, देवाशपथ.

"मूळ कागद बांधकामाच्या दुसऱ्या वर्षी इथे आला, माझ्या खोलीत लावलाय," बाई म्हणाल्या. "तीन गोल काळे, एक तपकिरी. बाबा एवढेही भोळे नव्हते, काका."

"मग थांबले का नाहीत?"

"कमरेएवढा झाला होता की! अर्धा बुरुज कोण ठेवतं? शिवाय त्यांना आवडायला लागलं होतं. संध्याकाळी रोज वर बसायचे. मीही बसते. या, चहा टाकते."

बाईंच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर तो कागद. मामा कप हातात धरून त्याच्यापासून शक्य तितक्या लांब बसला.

"खिशात काय आहे हो? सारखा हात जातोय," बाईंनी विचारलं.

मामाने अर्ज काढून टेबलावर ठेवला. बाईंनी सावकाश वाचला. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "हा गेला तर पाडतील," त्या म्हणाल्या. "नकाशात नाही ते बांधकाम पाडतात."

"खोटं आहे ना ते, बाई. तीस वर्षं मला..."

"तेव्हा खोटं होतं. आता चढून बघा."

मामा खिडकीतून बुरुजाकडे बघत राहिला. मग त्याने हातातला कप, सांडलेल्या चहाने बुडाशी ओला, उचलला आणि बरोबर 'तीनच' या शब्दावर ठेवला. थोडा दाबलासुद्धा.

कप उचलला तेव्हा खाली सुबक, गोल डाग होता.

बाईंनी अर्ज उजेडात धरला. "पाचवा," त्या म्हणाल्या. "काका, दगड संपलेत हो. आता तुम्हीच आणायचे."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी बाटल्या खाली ठेवल्या.