खंडेरावची नस

खंडेराव बोलण्यात मोठा पैलवान. फ्लॉवरचं भरलेलं पोतं एका दमात टेम्पोत चढवायचा आणि कोणी बघितलं का, म्हणून मान वळवायचा. मखमलाबादच्या मळ्यांत त्याचं कौतुक करायला रिकामटेकडे पुष्कळ होते. त्याची बायको नवसाबाई त्यांच्यात नव्हती. या पैलवानाच्या जांघेत लिंबाएवढी गाठ येते, खोकला की फुगते आणि आडवं पडलं की आत जाते, हे तिला ठाऊक होतं.

"डॉक्टरला दाखवा की."

"गाठ नाय ती, नस हाय. ताकदवान माणसाची अशी फुगते."

काय माणूस आहे, नवसाबाईच्या मनात आलं. आजाराचीसुद्धा बढाई मारतो! पुढे त्याने पेपरातली जाहिरात बघून गाठ दाबून धरणारा एक पट्टा पोस्टाने मागवला. तो धोतराखाली आवळून महाराज पुन्हा पोती उचलू लागले.

सत्त्याण्णव सालचा दसरा तोंडावर आला होता. झेंडूच्या गोण्या भरताना खंडेराव एकदम खाली बसला. घरी आणून बाजेवर निजवलं, तरी गाठ आत जाईना. दगडासारखी टणक झाली, हात लावू देईना. पोट फुगलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या.

शेजारचा भिमाजी गरम तेलाची वाटी घेऊन आला. "वहिनी, वायू अडकलाय. चोळून रेटतो, जाईल आत."

"हात लावून तर बघा!" नवसाबाई गरजली. "आजवर गप होते तेवढं बास झालं. टेम्पो काढा."

नाशिकच्या दवाखान्यात सर्जन होत्या डॉक्टर तेजस्विनी. त्यांना बघताच कण्हणारा खंडेराव पुटपुटला, "पुरुष डॉक्टर नाय का?"

"जीव चाललाय, आन् लाज धरून बसलात?" नवसाबाईने स्वतःच त्याचं धोतर सोडलं.

डॉक्टरांनी गाठ पाहिली. ती लाल झाली होती. "हर्निया आहे. पोटाच्या पडद्याला भोक पडून आतडं बाहेर आलंय आणि तिथेच आवळलं गेलंय. रक्त पोचत नाही. पाणीसुद्धा पाजू नका. लगेच ऑपरेशन करावं लागेल."

नाकातून नळी घातली, सलाईन लावलं आणि पैलवानाला आत नेलं. नवसाबाई बाहेर बाकावर पदराने डोळे पुसत बसली. या बढाईखोरासाठी आपल्या डोळ्यांत पाणी यावं, याचाच तिला राग आला.

डॉक्टर बाहेर आल्या. "आतडं निळंकाळं पडलं होतं. गरम ओल्या कापडात धरून ठेवलं, तेव्हा रंग परतला, म्हणून कापावं लागलं नाही. भोक शिवलंय. कोणी चोळलं नाही ना? चोळताना फाटलं असतं."

"चोळायला आले होते," नवसाबाई म्हणाली. "हाकलले."

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांना खंडेराव सांगू लागला, "अपेंडिक्स होतं. लय मोठं निघालं. डॉक्टरीणबी चाट पडली."

चहाचे कप ठेवता ठेवता नवसाबाई म्हणाली, "हर्निया होता. वर्षानुवर्षं लपवला. मरता मरता वाचलेत."

खंडेरावने तोंड भिंतीकडे वळवलं. ओटीवरचे बापे चुळबुळले. कोणी धोतर सारखं केलं, कोणाला अचानक मळ्याच्या पाण्याची पाळी आठवली.

दुसऱ्या दिवशी नवसाबाई मळ्यात भेंडी तोडत असताना भिमाजी आला. बराच वेळ बांधावर घुटमळला.

"वहिनी, ती डॉक्टरीण कोणत्या वारी बसते?"

"कोणाला दाखवायचंय?"

"एका पाव्हण्याला."

"पाव्हणा आडवा पडला की गाठ आत जाते का?"

भिमाजीने पायाने बांधावरचं ढेकूळ फोडलं. "जाते अजून," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्याच्या गाठीवर तेलाची वाटी घेऊन धावणारा हा शहाणा! नवसाबाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आता याचीही वरात आपणच काढायची. तिने भेंडीची पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि त्याला पुढे घालून रिक्षात बसवलं. एकटा सोडला असता तर अर्ध्या वाटेतून माघारी आला असता.

डॉक्टरांसमोर बसल्यावर भिमाजीने खाकरून सुरुवात केली, "पोटात जरा गुबारा धरतो."

"पोटात नाय," दाराशी उभी राहून नवसाबाई म्हणाली, "खाली बघा."